लाल फुलांची बेलबॉटम

शाळेच्या फाटकातच हेडमास्तरांनी मला अडवलं आणि माझ्या नव्याकोऱ्या बेलबॉटमच्या दोन्ही मोहऱ्या कात्रीनं गुडघ्यापर्यंत चिरल्या. सगळी शाळा हसली. सत्त्याहत्तर साल होतं. ती पँट आईनं लोकांची झंपरं बाजूला ठेवून शिवली होती.

घरी रडत म्हणालो, "साधी करून दे."

"का? चोरी केलीस?" आई मशीनवर बसली आणि चिरलेल्या जागी तिनं लाल फुलांच्या कापडाचे तिकोनी तुकडे जोडले. मोहरी आधीपेक्षा वीतभर रुंद झाली.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः फाटकापर्यंत आली. "कापा सर. माझ्याकडं कापड पुष्कळ आहे."

हेडमास्तर आत वळले.

रविवारी वर्गातली सहा पोरं पँटी घेऊन आमच्या दारात उभी होती. सगळ्यांना लाल फुलंच हवी होती.