खोकल्याची जागा

आत्या पुराची गोष्ट सांगत होती आणि भाची ती रेकॉर्ड करत होती.

"मग दाराशी होडी आली," आत्या म्हणाली आणि दोनदा खोकली.

"पाणी पी. एवढं वाक्य पुन्हा घेऊ."

पुन्हा तेच वाक्य, पुन्हा तिथेच दोनदा खोकला.

"आत्या, मुद्दाम करतेस?"

"मुद्दामच! तो गोष्टीतलाच आहे. आई इथेच खोकायची. तिच्या आईने तो पूर पाहिलेला, तीही सांगताना इथेच खोकायची म्हणे. आईने गोष्ट अशीच घोटून घेतलीय माझ्याकडून. तुझं मशीन काल आलं, बाई."

"पण का खोकायची?"

"घसा बसला असेल. मी कशाला विचारतेय?"

दुसऱ्या दिवशी भाची हेडफोन लावून गोष्ट उतरवायला बसली. खोकल्याच्या जरा आधी होतं, 'पोरांपुढे सात वाट्या मांडल्या, तोच पाणी आत शिरलं.' खोकल्यानंतर होतं, 'होडीत सहाही पोरं एका चादरीत गुंडाळली.' तिने दोन्ही वाक्यं तीनदा ऐकली आणि फोन लावला.

"आत्या, पणजीला मुलं किती?"

"सहा. आई आणि तिची पाच भावंडं. का गं?"

"मग वाट्या सात कशा?"

आत्या पुटपुटत गोष्ट पहिल्यापासून म्हणू लागली. वाट्या मांडून झाल्या, पाणी शिरलं, दाराशी होडी आली. आणि आयुष्यात पहिल्यांदाच आत्याला तिथे खोकता आलं नाही.