नानांचा सेट

ब्राह्मणपुरीच्या अमृतनानांनी विकायला काढलेला हॅम रेडिओ, म्हणजे दूरच्या माणसाशी बोलता-ऐकता येणारा बिनतारी सेट, तपासायला ममता मीटर घेऊन आली. मोलगीपलीकडच्या डोंगरातल्या शाळेत ती विज्ञान शिकवायला रुजू होणार होती, तिथे मोबाईलला रेंज नव्हती, आणि जुना सेट नव्याच्या निम्म्यात मिळत होता. पण नाना दोषच सांगू लागले. "डायल सरकी जास. पावसामा खरखर करस. तू नवाच ली ले, बेटा." ममताने तपासलं. डायल जागची हलली नाही, आवाज स्वच्छ होता. नानांचा हात मात्र सेटवरून निघत नव्हता. "इकी टाका एकदाव," नानांची बायको नर्मदाकाकू आतून म्हणाल्या, "तुमनासंगे आते कोन बोलस?" ममताने मीटर पिशवीत ठेवला. "नाना, मी नवाच लेसू." नाना सुखावले, मग कावरेबावरे झाले. "सेटमा खोट दिसनी का?" "नही." ममताने जुन्या सेटवर बोट ठेवलं. "मी डोंगरवरतून बोलसू, तवय उत्तर देवाले आठे हाऊ सेट नको का?"