साहेबांचं भाषण

भारनियमनाच्या उन्हाळ्यात वीज बचतीवर बोलायला नाशिकहून साहेब सायखेड्याला आले. माइक सुरू झाला आणि मंडपातली माणसं एकेक करून उठून गेली. थोड्याच वेळात नदीकडून पाण्याच्या मोटारींचा आवाज यायला लागला.

"वीज वाचवा सांगायला आलोय, अन् हे मोटारी चालू करायला पळतात!" साहेब रिकाम्या खुर्च्यांवर ओरडले. समोर एकट्या सगुणाबाई उरल्या होत्या. "निदान या बाईंना तरी कळतंय."

सगुणाबाई ताडकन उठल्या. "काय कळतंय? आठ दिवस झाले, दिवसा लाइट नाय. कोथिंबिरीनं माना टाकल्यात. आज तुमच्या माइकसाठी लाइट सोडली. मागं असेच एक साहेब आले होते. भाषण उरकून त्यांची गाडी परत फाट्यावर पोचते न पोचते, तोच लाइट गेली. म्हणून आज सगळ्यांनी मला इथं बसवलंय, तुम्हाला उठू द्यायचं नाय म्हणून."

साहेबांनी घाईघाईनं फाइल मिटली. सगुणाबाईंनी खुर्ची ओढून त्यांच्या वाटेतच मांडली आणि वर बसल्या.

"उघडा ती. बोला. आमचे अजून चार वाफे भिजायचेत."