ल्याओ गुरुजींच्या संगणकातील जन्मघटका

सुज्ञ वाचकहो, मनुष्याचा विश्वास नेमका कोठे साठवलेला असतो, याविषयीची एक घटना येथे यथामती सादर करण्यात येत आहे.

ल्याओ गुरुजी वामकुक्षी आटोपून उठले, तेव्हा संगणकाचा पडदा निळा झाला होता. अपडेट बहुतांशी पूर्ण झाल्याची ग्वाही त्यावर झळकत होती. गुरुजींनी वायर उपटण्यास हात पुढे केला.

"काका, हात मागे घ्या," त्यांची पुतणी यिंग दारातूनच म्हणाली. "अर्ध्यात वायर काढलीत तर मशीन कायमचं झोपेल."

"पण आजचा दिवस वाईट आहे."

ताइनान शहरातील देवळामागच्या गल्लीत केस पिकेपर्यंत भविष्य सांगितलेला हा गृहस्थ. अपडेटसाठी तो अनेक महिने पंचांगात दिवस शोधत होता आणि तोवर ते पुढे ढकलत होता. आज विहीर उपसणे उचित होते, परगावी निरोप धाडणे वर्ज्य होते. यंत्राने मात्र पंचांग पाहिले नाही. पुढे ढकलण्याची मर्यादा संपताच त्याने आपले कार्य आपणच आरंभिले.

"किती वेळा सांगितलं तुम्हाला," यिंग खुर्ची ओढत म्हणाली. "अपडेट वेगळं आणि चहाडी वेगळी. अपडेट घ्यायचंच असतं, त्यानं मशीनच्या सुरक्षेतली भोकं बुजतात. नंतर फक्त बघायचं, कंपनीला माहिती पाठवायची बटणं परत चालू झालीत का."

"आणि झाली असली तर?"

"बंद करायची. त्यात पंचांग कशाला लागतं?"

तिने पाहिले. बटणे चालू झाली होती. इतक्यात कुंडलीचा प्रोग्राम आपोआप उघडला, मध्येच अडकला आणि मिटला. त्या जागी एक पाटी उमटली. बिघाडाचा अहवाल कंपनीकडे रवाना झाला होता.

"हे काय गेलं?" गुरुजींचा स्वर खाली आला.

"प्रोग्राम का अडकला त्याची माहिती. कधीकधी जे पान उघडं असतं, त्यातलं थोडंफार सोबत जातं."

उघडे पान कोणाचे होते, हे गुरुजींना पाहावे लागले नाही. निजण्यापूर्वी ते सू मावशीच्या मुलीचा विवाहमुहूर्त पडताळीत होते. मुलीची जन्मघटका त्याच पानावर होती, हे त्यांनी यिंगला सांगितले. आणि या गल्लीत आई आपल्या लेकराची जन्मघटका सख्ख्या जावेलाही सांगत नाही. ज्याच्या हाती घटका, त्याच्या हाती मान.

"गप्प बसा आता," यिंग म्हणाली. "कंपनीला मावशीच्या मुलीचं काय पडलंय? तिलाही कधी कळायचं नाही."

"मला कळलंय ना."

"गल्लीभर बोभाटा होईल, काका. उद्यापासून इथं कुत्रं फिरकणार नाही."

गुरुजींनी सदऱ्याची गळ्याची गुंडी लावली आणि ते बाहेर पडले.

सू मावशी मासळीच्या पेजेची गाडी चालवीत असे. त्या समयी ती माशांचे काटे काढीत होती. समोर एक वृद्ध न्हावी वाडगे तोंडाला लावून बसला होता. गुरुजी गाडीपुढे उभे राहिले आणि त्यांनी मान लववली.

"मावशी, तुमच्या मुलीची जन्मघटका माझ्या हातून बाहेर गेली असेल. यंत्रानं पाठवली. दोष माझा आहे. मुहूर्ताची दक्षिणा परत करतो. तुम्ही माझ्याकडे आला नाहीत तरी मी वाईट वाटून घेणार नाही."

मावशीने चिमट्यातला काटा ताटलीत टाकला.

"कुठली घटका गेली? दुपारची ना?"

"हो. दुपारचीच."

"मग जाऊ दे. ती पहाटे झालीय."

गुरुजी बोटांवर घटका पुन्हा मोजू लागले.

"असं तोंड करू नका हो. ज्योतिष्याला खरी वेळ कोण शहाणा सांगतो?"

"मी तर वर्षसुद्धा खोटं सांगितलंय," न्हावी वाडग्याआडून म्हणाला.

"पण मुहूर्त?" गुरुजी म्हणाले. "तो मी दुपार धरून काढला."

"मुहूर्त झकास आहे. त्या दिवशी आचारी मोकळा आहे. उगीच का तुमच्याकडून तीन-तीन काढून घेतले?"

न्हाव्याला ठसका लागला. गुरुजी बाकावर बसले.

"मग तुम्ही सगळे माझ्याकडे येता तरी कशाला?"

मावशीने हात पुसले. ती गाडीला वळसा घालून आली आणि त्यांच्या शेजारी बसली.

"नवरा कुठं जातो, सासू काय बोलली, पोरीला आधी कोण आवडायचा. हे कुठंतरी बोलायला नको? ते सगळं मी तुम्हाला खरं सांगितलंय, गुरुजी." मग तिचा आवाज बारीक झाला. "ते त्या मशीनमध्ये नाही ना घातलंत?"

"नाही. ते कुठेच लिहिलेलं नाही."

"मग झालं तर. पेज घ्या, निवतेय. आणि माणसासारखं तोंड करा जरा."

गुरुजींनी पेज घेतली. मावशीने आले जास्त घातले. पैसे घेतले.

ते परतले तेव्हा यिंग एकेक बटण बंद करीत होती. काकांची मुद्रा पाहून तिने काय घडले ते विचारण्याचे धाडस केले नाही.

"आणखी काही बंद करायचं राहिलंय का, काका?"

गुरुजींनी पडद्याकडे पाहिले. साऱ्या गल्लीच्या जन्मघटका तेथे ओळीने उभ्या होत्या.

"यात खरी एकच आहे," ते म्हणाले.

"कोणाची?"

"माझी. ती पुसून टाक आणि दुसरी कुठलीतरी घाल."

अल्पमतीने जे लिहिले ते आपण शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
सोनू बाबाजी तेरसे
मुक्काम ताइनान