सात नसलेल्या तलवारी

दादाच्या कॉम्प्युटरवर सात हा आकडा कुठेच नव्हता. तलवार-पाच होती, तलवार-सहा होती आणि त्यानंतर थेट तलवार-आठ. तिला वाटलं, एखादी फाइल हरवली असेल. मग तिनं कुऱ्हाड बघितली, भाला बघितला, धनुष्य बघितलं. सगळीकडे तीच गत. सहावरून उडी, ती सरळ आठवर.

"जन्मभर हे असंच अर्धवट काम," ती स्वतःशीच पुटपुटली.

दादाला जाऊन वर्ष होत आलं होतं. त्याच्या खोलीत अजून तोच कॉम्प्युटर होता, तीच करकरणारी खुर्ची आणि टेबलावर चहाच्या कपांनी पाडलेले गोल डाग. एका जुन्या लढाईच्या खेळासाठी दादा स्वतः हत्यारं बनवायचा. खेळणारे लोक मूळ खेळात अशी आपल्या पदरची भर घालतात, तिला मॉड म्हणतात. दादाचा मॉड कुठले कुठले लोक खेळायचे. कुणी म्हणालं तलवार जड आहे, की हा ती हलकी करायचा आणि नावापुढचा आकडा वाढवायचा. जाण्याआधी या सगळ्याचा पासवर्ड त्यानं तिला दिला होता. एवढे जिवाभावाचे मित्र सोडून आपल्यालाच का, हे कोडं तिला काही सुटत नव्हतं.

कारण या खेळात आपला वाटा किती, हे तिला चांगलं ठाऊक होतं. लहानपणी ती दादाशेजारी स्टुलावर बसून "मलापण, मलापण" करत त्याला भंडावून सोडायची. शेवटी दादानं तिच्या मांडीवर एक जुना कीबोर्ड ठेवला. "घे, तू पण खेळ. वार मोजायचं काम तुझं." मग काय विचारता. ती जीव तोडून बटणं बडवायची आणि राक्षसावर पडणारा एकेक वार घसा फोडून मोजायची. राक्षस आपणच मारला, या आनंदात झोपायची. शाळेत जायला लागल्यावर एकदा पेन्सिल शोधायला ती टेबलाखाली वाकली आणि तिला दिसलं, की आपल्या कीबोर्डची वायर कशालाच जोडलेली नाही. त्या दिवशी ती जेवली नाही. पुढे मोठी झाली, दादाशी बरी वागली, त्याच्या आजारपणात रजा काढून उशाशी बसली. पण तो सल काही गेला नाही. आपण त्या खेळात कधी नव्हतोच.

नोकरी तर अशी, की आकडा म्हणजे देव. औषधांच्या कारखान्यात खोक्यांवरचे क्रमांक तपासायचे. एक क्रमांक गळला, की भरलेली गाडी दारातून परत. अशा बाईला हा गाळलेला सात कसा चालावा? तिनं ठरवलं, दादाचं कपाट आवरलं तसं हेही आवरून टाकू. आठचा सात करायचा, नऊचा आठ. तेवढंच आपल्या हातून त्याचं काहीतरी होईल.

तिनं तसं मॉडच्या चर्चेच्या पानावर कळवलं. घुबड हे टोपणनाव घेतलेल्या एका जुन्या खेळाडूचं लगेच उत्तर आलं. "ताई, तेवढं मात्र नका करू. इथे नवीन कोणी हत्यार बनवलं तरी सात ठेवत नाही. दादांचा नियम आहे. कारण विचारलं की म्हणायचे, आमच्या घरी असंच मोजतात."

ती भडकली. चूक करायची ती करायची, वर घराच्या नावावर खपवायची. "आमच्या घरी कोणी असं मोजत नाही," तिनं ठणकावून लिहिलं.

नवी नावं तयार झाली. आता एक बटण दाबलं, की जुनी कायमची पुसली जाणार होती. पण कारखान्यातली सवय अंगात मुरलेली. जुना क्रमांक रद्द करण्याआधी एकानं तो मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं ऐकायचा. दुसरं कोण होतं तिथे? पलंगावर बसून आई दादाच्या स्वेटरांच्या घड्या घालत होती. तिला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"आई, तू नुसतं ऐक गं," असं म्हणून ती बटणावर बोट ठेवून पडद्यावरची नावं वाचू लागली. "तलवार चार. तलवार पाच. तलवार सहा. तलवार आठ."

आईचे हात थांबले. मग ती हसली. दादा गेल्यापासून ती अशी हसली नव्हती.

"अगं, अजून सात येत नाही का तुला?"

"म्हणजे?"

"लहानपणी तू अशीच मोजायचीस. पाच, सहा, आठ. मी शिकवून शिकवून थकले. तर हा मलाच दटावायचा. म्हणायचा, तिला टोकू नकोस, मोजणारी ती आहे."

तिनं बटणावरचं बोट उचललं. ते स्टूल अजून टेबलाखालीच होतं, एक पाय आखूड असलेलं. तिला रडू आलं आणि दादाचा रागही आला, एकदा तरी सांगायचं होतंस म्हणून.

चर्चेच्या पानावर तिचं ते ठणकावलेलं वाक्य तसंच होतं. ते तिनं आधी पुसून टाकलं. खाली कुणा नवख्यानं विचारलं होतं, माझी गदा-सहा सुधारून झाली आहे, आता पुढचं नाव काय देऊ?

तिनं डोळे पुसले आणि उत्तर लिहिलं.

"गदा-आठ. आमच्या घरी असंच मोजतात."