पाटावरची नळी

खंडेनवमीला प्रयोगशाळेच्या यंत्रातली नळी देवस्थळी सरांनी काढून पाटावर, झेंडूत पुजली, तीही तोंडं उघडी टाकून. रजेवरून परतलेल्या केतकीला आतला, कायम ओला ठेवावा लागणारा थर कोरडाठाक सापडला.

तो थर आतड्याच्या अस्तरासारखा होता. औषध त्याला किती चिकटतं, यावरून ते गिळल्यावर रक्तात उतरेल का, याचा अंदाज यायचा आणि चाचणीत मारावे लागणारे उंदीर वाचायचे.

“नळी वाया घालवलीत, सर!”

“देवाच्या कामावरून चिडू नकोस गं. नवी येईपर्यंत उंदीर आहेत की खाली. उद्या सुरू कर.”

केतकीचा आवाज चढला. “त्यांना औषध मी पाजते, माना मी मोडते. तुम्ही वर बसून निकाल वाचता. उद्या एक तरी स्वतः मारा.”

तिने हातमोजे त्यांच्यासमोर आपटले. सरांनी खुर्ची मागे सरकवली. मोज्यांना हात लावला नाही.