शिफारसपत्राखालचा नंबर

मिसेस म्वींगांनी आधी बाळ तिच्याकडून काढून घेतलं, मग म्हणाल्या, "नमाकाऊ, उद्यापासून येऊ नकोस."

"काही चुकलं का माझं, मॅडम?"

"तुझं काम छानच आहे गं. पण तान्हं बाळ आहे घरात. मला जोखीम नको."

सहा महिन्यांत सुटलेलं हे तिसरं घर. कारण विचारायची गरजच नव्हती. घरं मिळत ती चर्चच्या बायकांच्या ओळखीनं, आणि नमाकाऊ पोचायच्या आत नाहीतर पाठोपाठ तिच्या एचआयव्हीच्या गोळ्यांची बातमी तिथं पोचे. गोळ्या नियमित घेतल्या तर कुणालाच धोका नाही, असं दवाखान्यातली नर्स म्हणायची. नमाकाऊचं स्वतःचं लेकरू तिच्या अंगावर पिऊन ठणठणीत होतं. पण हे ऐकून घ्यायला कोण बसलंय?

घरी आई नातवाला पाठीशी बांधून मक्याच्या पिठाची न्शिमा घोटत होती.

"पुन्हा?"

"पुन्हा."

"तुझी ती जुनी मॅडम! शिफारसपत्रात गोड गोड लिहायचं आणि खालच्या नंबरावर फोन आला की विष कालवायचं. किडे पडोत तिच्या जिभेला!"

"आई, पुरे."

"का पुरे? माझ्या पोरीच्या पोटावर पाय देते ती!"

पाच वर्षं नमाकाऊनं या जुन्या मॅडमची, मिसेस सिआत्विंडांची, पोरं वाढवली होती. एकदा कपाट आवरताना गोळ्यांची डबी त्यांच्या हाती लागली. नमाकाऊच्या घराबाहेर हे माहीत होतं ते फक्त त्यांना.

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या फाटकात उभी राहिली.

"मॅडम, तुमच्या चोलाला मलेरिया झाला तेव्हा तीन दिवस तो माझ्या मांडीवर होता. तेव्हा नाही भीती वाटली तुम्हाला? आता गावभर सांगत सुटलात ते!"

शेजारचा माळी नळी हातात धरून बघत राहिला. मिसेस सिआत्विंडांनी तिला आत घेतलं, खुर्ची दिली. नमाकाऊ बसली नाही.

"मला फोन येतात," त्या म्हणाल्या. "मी कामाचं सांगते. तब्येतीचं विचारलं तर म्हणते, ते तिचं तिला विचारा."

"मग सांगितलं कुणी?"

त्यांनी खुर्ची पुन्हा तिच्याकडे सरकवली.

"मॅडम, माझं लेकरू आहे. सांगा."

"आमच्या चर्चच्या प्रार्थनेच्या ग्रुपवर आलं होतं. म्वींगाही त्यात आहे. मी ग्रुपवरून पुसून टाकलं गं, पण तोवर पुढं गेलं होतं; फिरून मलाच परत आलं." त्यांनी फोन काढला, तो आवाजी मेसेज शोधला आणि बटण दाबलं.

आईचा आवाज होता. मागं नातवाची किरकिर.

"बहिणींनो, माझ्या नमाकाऊला चांगलं घर मिळू दे म्हणून प्रार्थना करा. फार गुणी पोर आहे. एचआयव्हीच्या गोळ्यासुद्धा बघा, एक दिवस चुकवत नाही."